ठाणे-नवी मुंबईत अभ्यासक्रमाची सांगड स्थानिक रोजगाराशी कशी घालावी

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की ठाणे ते पनवेल या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या फाटकांवर नव्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचे फलक लागतात. लॉजिस्टिक्स, एव्हिएशन, डेटा सायन्स, हेल्थकेअर अशी त्यांची नावे असतात. ही नावे क्षेत्रांची आहेत, कामांची नाहीत, आणि बरेचसे अभ्यासक्रम इथेच फसतात. कोणतीही कंपनी क्षेत्रासाठी माणूस घेत नाही. ती अमुक पाळीतल्या अमुक कामासाठी, अमुक पगारावर माणूस घेते. पुढील मजकूर प्राचार्य, विभागप्रमुख आणि कौशल्य अभ्यासक्रमांचे समन्वयक यांच्यासाठी आहे. त्यातील आग्रह एकच आहे: आधी प्रत्यक्ष नोकरीची जागा पाहावी, त्या जागेवरचा माणूस दिवसभर काय करतो ते समजून घ्यावे, आणि मग अभ्यासक्रम लिहायला बसावे.

आधी आपला टापू आखून घ्यावा

‘स्थानिक’ म्हणजे जिल्हा, असे सरकारी कागदपत्रांत गृहीत धरलेले असते. आपल्या भागात ते उपयोगाचे नाही. नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात येते. पण पनवेल, तळोजा औद्योगिक क्षेत्र, उरण, न्हावा-शेवा बंदर आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ हे सारे रायगड जिल्ह्यात आहे. नेरूळच्या महाविद्यालयाने केवळ ठाणे जिल्ह्याचा कौशल्य आराखडा समोर ठेवला, तर त्याच्या विद्यार्थ्यांना सर्वात जवळ पडणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या त्या कागदावर दिसणारच नाहीत. म्हणून टापू जिल्ह्याच्या सीमेने न आखता प्रवासाच्या वेळेने आखावा.

त्यासाठी मागील दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे पत्ते घ्यावेत, ते कोणत्या स्थानकाजवळ राहतात याची वर्गवारी करावी, आणि सकाळी सातच्या पाळीला पोहोचायचे असेल तर प्रत्येक औद्योगिक क्षेत्रापर्यंत किती वेळ लागतो हे वेळापत्रक हातात घेऊन तपासावे. ठाणे-वाशी-पनवेल या ट्रान्स-हार्बर मार्गामुळे ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानके कळवा-दिव्याच्या मुलांच्या आवाक्यात येतात. उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्याने बंदराचा भाग नेरूळ-बेलापूरच्या विद्यार्थ्यांना जवळ आला. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आहे, परंतु पेंधर स्थानकात उतरल्यावर तळोज्यातील कारखान्याच्या दारापर्यंत जायला पुन्हा बस, रिक्षा किंवा कंपनीची गाडी लागते. भिवंडीची गोदामे नकाशावर ठाण्याला खेटून असली, तरी ठाणे स्थानकातून तिथे थेट लोकल नाही, आणि रस्त्यावरच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा भरवसा कोणी देत नाही. एखाद्या मुलीला दुसऱ्या पाळीनंतर रात्री अकरा वाजता तिथून दिव्याला परतायचे असेल, तर ती नोकरी तिच्यासाठी कागदावरच राहते. हा तपशील किरकोळ वाटतो, पण पहिल्या तीन महिन्यांत नोकरी सोडण्याची कारणे विचारली तर पगाराबरोबर प्रवासाचे नाव येतेच.

टापू आखताना आणखी एक काळजी घ्यावी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली, ठाण्याची वागळे इस्टेट त्याच सुरुवातीच्या काळातील, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टाही बराच जुना. या भागाविषयीची आपली समजूतही अनेकदा तितकीच जुनी असते. जिथे रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने होते, त्यांतील कित्येक जागांवर आज आयटी पार्क, डेटा सेंटर, गोदामे किंवा निवासी मनोरे उभे आहेत. तेव्हा प्राध्यापकांनी निदान एक दिवस महापे, रबाळे आणि पावणे भागातून पायी फिरून कोणत्या भूखंडावर सध्या काय चालते हे स्वतः पाहावे. संकेतस्थळावरची उद्योगांची यादी ही फेरी वाचवू शकत नाही.

मागणी कोणाला विचारावी, आणि काय विचारावे

नेहमीची पद्धत अशी असते की एखाद्या मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला पाहुणे म्हणून बोलवावे, त्यांनी संवादकौशल्य आणि शिकण्याची तयारी या दोन गोष्टी सांगाव्यात, सामंजस्य करारावर सह्या व्हाव्यात, आणि छायाचित्र नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या फाइलला लागावे. यातून अभ्यासक्रमासाठी काहीही हाती लागत नाही. चूक त्या अधिकाऱ्याची नसते; सुरुवातीच्या पातळीवरची भरती त्याच्याकडे नसतेच. या पट्ट्यातील नव्याने लागणारी बरीच माणसे कंपनीच्या पटावर येत नाहीत, ती ठेकेदारामार्फत येतात. डेटा सेंटरमधला पाळीवरचा तंत्रज्ञ बहुधा इमारत-देखभाल करणाऱ्या कंपनीचा असतो, कंटेनर फ्रेट स्टेशनवरचा (बंदराबाहेर कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या जागेवरचा) सर्वेअर बाहेरच्या एजन्सीचा असतो, रुग्णालयातला मदतनीस पुरवठादाराचा असतो. म्हणून फाटकावरची पाटी वाचून थांबू नये. आतल्या माणसाच्या पगारपावतीवर कोणाचे नाव आहे हे विचारावे, आणि ज्याचे नाव आहे त्याच्याकडे जावे.

ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि तळोजा मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संघटनांकडे सदस्यांची माहिती असते आणि लहान उद्योजकांपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांच्यातूनच जाते. मात्र संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचे मत म्हणजे मागणी नव्हे. त्यांच्याकडून दहा-पंधरा कारखान्यांची नावे घ्यावीत आणि तिथे पाळीप्रमुख, देखभाल विभागाचा फोरमन किंवा प्रयोगशाळेचा प्रमुख यांना भेटावे. त्यांना कोणते कौशल्य हवे असे विचारू नये. त्याचे उत्तर सर्वत्र सारखेच येते. त्याऐवजी असे विचारावे: गेल्या वर्षभरात या जागेवर किती माणसे घेतली आणि त्यांतली किती सोडून गेली? नवा माणूस एकट्याने काम सांभाळायला किती आठवडे घेतो? त्या आठवड्यांत त्याला शिकवताना सर्वात जास्त वेळ कशात जातो? शेवटचा माणूस काढून टाकला तो कशामुळे? पहिल्या महिन्याला हातात किती पडतात, आणि वर्षभराने किती? ही जागा भरताना बारावी, आयटीआय, पदविका, पदवी यांपैकी काय पाहता, आणि पदवीधर मिळाला तर जास्त पैसे देता का?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तोच सर्वात महत्त्वाचा आहे. पदवीधराला आणि बारावी उत्तीर्णाला त्या कामाचा पगार एकच मिळत असेल, तर पदवीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांकडून शुल्क घेऊन त्याच कामाचे प्रमाणपत्र देण्यात अर्थ नाही. तो अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच, किंवा महाविद्यालयाबाहेरच्या तरुणांसाठी चालवावा.

नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवरील जाहिराती मोजण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. तिचा उपयोग आहे, पण एकच जागा तीन-चार भरती सल्लागार स्वतंत्रपणे टाकतात आणि ‘नवी मुंबई’ असे लिहिलेली जागा प्रत्यक्षात खोपोलीला निघू शकते, हे ध्यानात ठेवावे. राज्य शासनाच्या महास्वयं संकेतस्थळावरच्या नोंदी आणि रोजगार मेळाव्यांतील रिक्त पदे पूरक म्हणून घ्यावीत. या सर्वांपेक्षा विश्वासार्ह साधन महाविद्यालयाच्या हाताशीच असते: चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी. सभागृह सजवून घेतलेल्या मेळाव्यात ते खरे बोलणार नाहीत. त्यांना एकेकट्याने फोन करावा आणि आज काय काम करता, ते कोठे शिकलात, महाविद्यालयात शिकलेले त्यातले काय कामाला आले, एवढेच विचारावे. पन्नास फोनांतून जे चित्र उभे राहते ते कोणत्याही सल्लागार अहवालापेक्षा स्वच्छ असते.

गोळा झालेल्या कामांना राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मधील संकेतांक लावून घ्यावेत. एकाच कामाला रबाळ्यात एक नाव असते आणि तळोज्यात दुसरे; संकेतांक लावला की बेरीज करता येते. राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत त्या कामासाठी मंजूर अर्हता आधीच आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

गुंतवणुकीच्या बातमीत नोकऱ्या मोजू नयेत

ऐरोली-रबाळे-महापे हा देशातील डेटा सेंटरच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. त्यांत शेकडो कोटींची गुंतवणूक होते, परंतु इमारत उभी राहिल्यावर ती चालवायला लागणारी माणसे तुलनेने फार थोडी असतात आणि त्यांतही संगणकाची माणसे कमीच. लागतात ते उच्चदाब विद्युत यंत्रणा, यूपीएस, डिझेल जनरेटर, चिलर आणि इमारत-व्यवस्थापन प्रणाली पाहणारे तंत्रज्ञ, तेही चोवीस तासांच्या पाळ्यांत. तेव्हा एखाद्या विज्ञान महाविद्यालयाने ‘डेटा सेंटर मॅनेजमेंट’ नावाने साठ जागांची तुकडी काढण्याआधी परिसरात वर्षाला अशी किती माणसे नव्याने लागतात हे मोजावे. पदविकाधारक विद्युत अभियंते आणि प्रशीतन-वातानुकूलन शाखेचे आयटीआय विद्यार्थी यांच्यासाठी वीस जागांची तुकडी हा अधिक प्रामाणिक आकडा ठरेल.

विमानतळाबाबतही हेच. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, म्हणून नोकऱ्याही लाखोंनी येतील, अशा हिशेबावर सध्या कितीतरी खासगी अकादम्या चालल्या आहेत. महाविद्यालयांनी त्या शर्यतीत उतरू नये. विमानतळामुळे वाढणारे काम गणवेशातल्या पदांपुरते मर्यादित नाही. ते कार्गो, शीतसाखळी, हॉटेल, वाहतूक, सफाई आणि यंत्रदेखभालीतही आहे. शिवाय ज्या गावांच्या जमिनी या प्रकल्पात गेल्या, तेथील तरुणांचा या नोकऱ्यांवर पहिला हक्क आहे अशी त्यांची भावना आहे आणि तिला १९८४ च्या जासई (उरण) येथील, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या शेतकरी आंदोलनापासूनचा इतिहास आहे. उलवे-पनवेल भागातील महाविद्यालयाने प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील मुलांसाठी जागा व शुल्क यांचा विचार सुरुवातीलाच केला, तर तो अभ्यासक्रम गावातही रुजेल.

हंगामाचे गणितही पाहावे. वाशीच्या बाजार समितीच्या परिसरात कृषी पणन मंडळाच्या, निर्यातीच्या फळांतील किडीचा बंदोबस्त करणाऱ्या विकिरण आणि बाष्प उष्णता प्रक्रिया सुविधा आहेत आणि आंब्याच्या निर्यातीचे काम साधारण एप्रिल ते जून या काळात जोरात असते. अन्नशास्त्र विभागाने निर्यातपूर्व हाताळणी व प्रतवारीचा अभ्यासक्रम काढला आणि तो मेअखेर संपवला, तर विद्यार्थी कामाला पोहोचतील तेव्हा आंबा संपत आलेला असेल. हा अभ्यासक्रम ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या मध्याला संपलाच पाहिजे.

प्रमाणपत्र पुरेसे आहे की परवाना लागतो?

काही कामांना महाविद्यालयाचे प्रमाणपत्र चालत नाही, कारण तिथे कायद्याने परवाना किंवा नोंदणी लागते. हे आधी तपासले नाही तर विद्यार्थ्याचे वर्ष आणि पालकांचे पैसे दोन्ही वाया जातात.

विद्युत जोडणीच्या कामासाठी राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळणारा वायरमन परवाना किंवा पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. बाष्पक (बॉयलर) चालवणाऱ्याला बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेतून प्रमाणपत्र मिळवावे लागते. परिचर्येचे अभ्यासक्रम परिचर्या परिषदेच्या मान्यतेशिवाय चालवता येत नाहीत. रुग्णसहायकाच्या अभ्यासक्रमाला ‘नर्सिंग’ हा शब्द जोडून जाहिरात करणे ही विद्यार्थ्यांची शुद्ध दिशाभूल आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ अशा सहायक आरोग्यसेवांसाठी २०२१ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. विमानतळाच्या आत काम करण्यासाठी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार प्रवेशपत्र लागते, त्याआधी पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, आणि ते नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फतच मिळते. कोणतीही अकादमी ते आधी देऊ शकत नाही.

न्हावा-शेव्याच्या कामाचेही असेच आहे. कस्टम्स ब्रोकर, म्हणजे मालाची सीमाशुल्काची कामे करून देणारा परवानाधारक, याच्या कर्मचाऱ्याला सीमाशुल्क विभागाकडून मिळणारे ओळखपत्र ब्रोकरच्या अर्जावर मिळते, आणि वरच्या दर्जाच्या पत्रासाठी परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे वाणिज्य महाविद्यालयाने कस्टम्स डॉक्युमेंटेशनचा अभ्यासक्रम काढताना, आपण परवाना देत नसून परवान्याच्या वाटेवरचे पहिले काम शिकवत आहोत, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे. शिपिंग बिल (निर्यातीचे) आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचे) यांतील फरक, मालाचा एचएस कोड (वर्गवारीचा क्रमांक) शोधणे, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जुळवणे, आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर नोंद पाहणे, एवढे ज्याला येते त्या बी. कॉम.च्या मुलाला ब्रोकरच्या कार्यालयात पहिल्या आठवड्यापासून काम देता येते.

श्रेयांकांच्या चौकटीत जागा शोधणे

राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे अध्ययन आणि पूर्ण वर्ष म्हणजे चाळीस श्रेयांक, अर्थात १,२०० तास. हे गणित हाती असले की आवाका ठरवता येतो. बारा श्रेयांकांच्या प्रमाणपत्राला ३६० तास लागतात. आठवड्याला पाच दिवस रोज तीन तास घेतले तर ते चोवीस आठवडे झाले. नियमित पदवी करणाऱ्या मुलावर हे ओझे एका सत्रात टाकता येणार नाही, तेव्हा असा अभ्यासक्रम दोन सत्रांत वाटावा किंवा चार-चार श्रेयांकांच्या तीन भागांत तोडावा. तुकडे पाडताना प्रत्येक तुकड्याला स्वतःचा उपयोग असावा, म्हणजे अर्ध्यात थांबलेल्याच्या हातीही काहीतरी राहील. श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतील याची खात्री प्रवेश देण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांना मुख्य विषयाचा पाठ्यक्रम बदलता येत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेतील व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, खुले ऐच्छिक विषय आणि कार्य-प्रशिक्षण हीच खरी जागा आहे. उपलब्ध यादीतून विषय निवडताना ‘आपल्याकडे हा शिकवायला कोण मोकळे आहे’ हा निकष लावला जातो आणि सगळी गफलत तिथून सुरू होते. कार्यभार वाटपाची अडचण खरी आहे, परंतु ती विषयनिवडीचे कारण होता कामा नये.

स्वायत्त महाविद्यालयांना अधिक मोकळीक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रचनेप्रमाणे त्यांच्या अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी असतो, एक गुणवान माजी विद्यार्थी असतो, आणि विशिष्ट अभ्यासक्रमासाठी बाहेरचे तज्ज्ञ स्वीकृत करून घेण्याची सोय असते. या जागेवर कंपनीचा उपाध्यक्ष आणण्याचा मोह टाळावा. वर्षातून एखाद्या बैठकीला येऊन घाईने सही करणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत रोज उभा राहणारा वरिष्ठ रसायनतज्ज्ञ कितीतरी उपयोगाचा असतो. त्याला बैठकीआधी पंधरा दिवस पाठ्यक्रमाचा मसुदा द्यावा आणि ज्या ओळींचा त्याच्या प्रयोगशाळेत काहीच उपयोग नाही त्या खोडायला सांगावे. त्याने खोडलेली प्रत्येक ओळ काढलीच पाहिजे असे नाही, कारण पदवी शिक्षणाला तात्कालिक कामापलीकडची बाजू असते आणि ती कंपनीच्या सोयीवर सोडता येत नाही. पण खोडलेली ओळ का ठेवली याचे उत्तर मंडळापाशी असले पाहिजे.

एक उदाहरण: बी. एस्सी. रसायनशास्त्र आणि गुणवत्ता नियंत्रण

समजा, वाशी किंवा पनवेलच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाला टीटीसी, तळोजा आणि पाताळगंगा येथील औषधनिर्मिती व रसायन कारखान्यांसाठी विद्यार्थी तयार करायचे आहेत. विभागाची पहिली ओढ महागडे उपकरण घेण्याकडे असते. भेटीगाठींतून मात्र वेगळेच समजेल. एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफी यंत्राचे, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे, बटण कोणते दाबायचे हे कंपनी काही आठवड्यांत शिकवते. नव्या माणसाचा गोंधळ उडतो तो नोंदींत: वाचन आधी कागदाच्या कपट्यावर घेऊन मग वहीत उतरवणे, चुकलेला आकडा गिरवणे, सही करून तारीख न घालणे, तपमानाच्या नोंदी पाळी संपताना एकदम भरणे. औषध कारखान्यात यांतली कोणतीही गोष्ट तपासणीत आक्षेप ठरते. औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धती ठरवणाऱ्या, औषध नियमांतील शेड्यूल एमची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून लहान उत्पादकांवरही या शिस्तीचा दाब वाढला आहे.

याचा अर्थ असा की अभ्यासक्रमाचा मोठा भाग नव्या उपकरणाशिवायही सुरू करता येतो. पदवीच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकांतच प्रयोगवही पाने क्रमांकित करून, शाईने, जागच्या जागी भरण्याचा नियम लावावा. चूक एका रेषेने खोडून सही-तारीख घालावी. ब्युरेट-पिपेट आणि तराजूच्या कॅलिब्रेशनची नोंदवही विद्यार्थ्यांनीच सांभाळावी. प्रमाणित कार्यपद्धती विद्यार्थ्यांना स्वतः लिहायला लावून ती दुसऱ्या गटाकडून अमलात आणवावी. आपण लिहिलेले दुसऱ्याला कळत नाही हा अनुभव वर्गातल्या दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचा असतो. अपेक्षित मर्यादेबाहेर निकाल आला तर तो लपवू नये, त्याचा शोध कसा घ्यावा, यावर एक पूर्ण घटक ठेवावा.

क्रोमॅटोग्राफीसाठी आसपासच्या महाविद्यालयांनी मिळून एका ठिकाणी यंत्र वापरण्याचा करार करावा, किंवा कारखान्यातील जुने पण चालते यंत्र प्रशिक्षणासाठी मागावे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत व्यावसायिक कौशल्यवृद्धीचा समावेश असल्याने सामाजिक दायित्व निधीतूनही असा खर्च मागता येतो. मागताना मात्र यंत्राबरोबर त्याच्या देखभालीचे पैसेही मागावेत, नाहीतर दोन वर्षांत ते झाकण घालून ठेवलेले दिसते.

सुरक्षिततेचा घटक शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत माणसे दगावली. या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला त्याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. पदार्थाची सुरक्षा माहितीपत्रिका वाचणे, न जुळणारी रसायने वेगळी ठेवणे, कामाचा परवाना घेतल्याशिवाय टाकीत न उतरणे हे पहिल्या पंधरवड्यातच शिकवावे. उत्पादन विभागात जाऊ इच्छिणाऱ्यांनी आयटीआयच्या ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ या दोन वर्षांच्या व्यवसायाचा पाठ्यक्रम चाळावा. पदवी महाविद्यालयांना तो कमी प्रतीचा वाटतो, आणि नेमके त्यात जे आहे ते बी. एस्सी.च्या मुलाला येत नाही.

कार्य-प्रशिक्षण आणि शिकाऊ उमेदवारी

चार श्रेयांकांचे कार्य-प्रशिक्षण म्हणजे १२० तास. एवढ्या वेळात काम शिकून होत नाही, पण काम कसे असते ते दिसते, आणि विद्यार्थी निर्णय घेऊ शकतो. त्यासाठी कारखान्याला पत्र पाठवताना ‘विद्यार्थ्यांना संधी द्यावी’ असे मोघम लिहू नये. किती विद्यार्थी, कोणत्या तारखा, कोणत्या विभागात, त्यांनी कोणती तीन कामे करून पाहावीत, विम्याची व्यवस्था कोणाची, महाविद्यालयाचा कोणता प्राध्यापक दर आठवड्याला येऊन पाहील, एवढे लिहिलेले पत्र लगेच वाचले जाते. ठाण्यातल्या लहान कार्यशाळा एकदम पंधरा मुले घेऊ शकत नाहीत. दोन-दोन मुले पाठवावीत.

नोकरीच्या दृष्टीने अधिक ठोस साधन आहे ते १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. दोनशे माणसांच्या कारखान्यात ही संख्या किमान पाच आणि जास्तीत जास्त तीस होते. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. पदवी व पदविकाधारकांसाठीच्या केंद्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. दुसऱ्या योजनेत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत मदत मिळते. लहान उद्योजकाला हे ऐकून माहीत असते, पण पोर्टलवरच्या नोंदणीची कटकट नको असते. महाविद्यालयाने एक लिपिक या कामासाठी तयार करून उद्योजकाच्या नोंदणीला मदत केली, तर सामंजस्य कराराच्या दहा फायलींपेक्षा जास्त जागा मिळतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

उमेदवारीला मुले पाठवल्यावर त्यांच्याकडून खरोखर काय करून घेतले जाते यावर लक्ष ठेवावे. स्वस्तातला हमाल म्हणून वापर होत असेल तर मुले परत बोलवावीत. मुलींच्या बाबतीत, दुकाने-कार्यालये अशा ठिकाणी दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक असते. कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की स्थानकापर्यंतच, हे लेखी घ्यावे.

शिकवणार कोण

कारखान्यातला माणूस शिकवायला येऊ शकतो तो संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी, आणि तासिका तत्त्वाचे मानधन त्याच्या येण्या-जाण्यालाही पुरत नाही. म्हणून वेळापत्रक त्याच्या सोयीने लावावे आणि मानधनाची तरतूद शुल्क ठरवतानाच करावी. त्याच्याबरोबर वर्गात एक प्राध्यापक बसलाच पाहिजे. कामात निष्णात असलेल्या माणसाला समजावून सांगणे जमतेच असे नाही, आणि प्राध्यापकालाही त्यातून शिकता येते. उन्हाळी सुट्टीत प्राध्यापकांनी दोन आठवडे कारखान्यात घालवावेत ही सूचना अनेकांना पटत नाही, पण त्याला पर्याय दिसत नाही.

तपासणी, आणि बंद करण्याची तयारी

अभ्यासक्रमाचे यश किती मुलांनी प्रवेश घेतला किंवा किती उत्तीर्ण झाली यावर मोजू नये. तीन गोष्टी पाहाव्यात: संपल्यानंतर सहा महिन्यांनी किती जण त्याच प्रकारच्या कामात आहेत, त्यांचा हातात पडणारा पगार अभ्यासक्रम न केलेल्या सोबत्यांपेक्षा जास्त आहे का, आणि ज्या कंपनीने पहिल्या तुकडीतून मुले घेतली तिने दुसऱ्या तुकडीतूनही मागितली का. तिसरी गोष्ट सर्वात बोलकी आहे, कारण मालक स्तुती फुकट करतो, पण माणूस फुकट घेत नाही. पुढील शिक्षणासाठी गेलेल्यांना नोकरी न मिळालेल्यांत धरू नये, मात्र त्यांना नोकरी मिळालेल्यांतही दाखवू नये. नियुक्तिपत्राची प्रत पुरेशी नसते. तिसऱ्या महिन्याची पगारपावती किंवा भविष्य निर्वाह निधीची नोंद पाहावी.

अभ्यास मंडळाने मंजुरी देतानाच ठरवून ठेवावे की सलग दोन तुकड्यांत हा आकडा अमुक पातळीखाली आला तर नवे प्रवेश थांबतील. हे आधी लिहून ठेवले नाही तर पुढे कोणी बंद करायला धजत नाही: शिक्षकांचा कार्यभार त्यावर असतो, फलक लागलेला असतो, आणि नॅकच्या अहवालात त्याचे नाव गेलेले असते. थांबवायचे ठरले तर चालू तुकडीला शेवटपर्यंत शिकवावे, त्यांचे श्रेयांक जमा झाल्याची खातरजमा करावी, उपकरणे शेजारच्या पदविका संस्थेला किंवा आयटीआयला वापरायला द्यावीत, आणि ज्या पाळीप्रमुखांनी आपला वेळ दिला त्यांना काय झाले ते जाऊन सांगावे. पुढच्या अभ्यासक्रमाची चौकशी करायला त्यांच्याच दारात जायचे असते.